ला पाझचं वाद्य संग्रहालय: जाण्याआधी, गेल्यावर आणि परतताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कोणतं संग्रहालय?

बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात काये हाएन नावाची एक अरुंद, दगडी फरशीची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना रंगवलेली जुनी स्पॅनिश काळातली घरं. त्यातल्या 711 क्रमांकाच्या घरात बोलिव्हियाच्या वाद्यांचं संग्रहालय आहे. चारांगो या छोट्या, गिटारसारख्या तारवाद्याचे वादक एर्नेस्तो काव्हूर (1940–2022) यांनी 1962 साली चारांगोच्या संग्रहापासून सुरुवात केली. आज तिथे दोन हजारांवर वाद्यं आहेत. 1966 साली सुरू झालेल्या ‘लोस हाइरास’ या गाजलेल्या वाद्यवृंदात काव्हूर होते. गावात, सणात, शेताच्या बांधावर वाजणारी वाद्यं शहरातल्या मंचावर आली, त्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे.

स्पॅनिशमध्ये ‘जे’चा उच्चार ‘ह’ होतो. टॅक्सीवाल्याला ‘जेन स्ट्रीट’ म्हणालात तर तो दुसरीकडेच नेईल. ‘काये हाएन’ म्हणा.

तिथे पोचायचं कसं?

शहराच्या मध्यावर प्लाझा मुरियो हा मुख्य चौक आहे. तिथून चालत दहा मिनिटं, पण रस्ता चढाचा आहे. काये इंगावीने निघून हेनारो सांहिनेसच्या कोपऱ्यावर वळलात की वर जाताना महापालिकेचं जुनं नाट्यगृह लागतं. ते दिसलं म्हणजे वाट बरोबर आहे. त्याच्या पुढे, थोडं वर, काये हाएन.

दुसरा मार्ग केबल कारचा. एल आल्तो या वरच्या शहरात उतरला असाल तर लाल लाइनने सेंट्रल स्टेशनपर्यंत खाली या. तिथे नारिंगी लाइन पकडून पुढच्याच स्टेशनवर, आर्मेंतियाला, उतरा. तिथून गल्ली चालण्याच्या अंतरावर आहे. लाल लाइन 2014 साली सुरू झाली, नारिंगी 2017 साली. टॅक्सीपेक्षा हे स्वस्त पडतं, आणि वाटेत अख्खं शहर वाटीच्या तळाशी मांडल्यासारखं दिसतं.

याच गल्लीत महापालिकेची चार छोटी संग्रहालयं आहेत आणि त्यांचं एकत्र तिकीट मिळतं. ते तिकीट वाद्य संग्रहालयाला चालत नाही. वाद्य संग्रहालय खाजगी आहे, त्याचं तिकीट दारातच वेगळं काढायचं. रोख आणि सुटे बोलिव्हियानो जवळ ठेवा. फाटक्या नोटा तिथे कोणी घेत नाही.

किती वेळ काढून जावं?

नुसतं फिरून यायला पाऊण तास पुरे. पण वाद्य कसं वाजतं हे समजून घ्यायचं असेल, एखादं वाजवून बघायचं असेल, तर दोन-अडीच तास हाताशी ठेवा. सकाळी लवकर गेलेलं बरं. दुपारनंतर पर्यटकांचे गट येतात आणि त्या छोट्या खोल्यांमध्ये एका वेळी चार जण ढोल बडवू लागले की सिकूचा (वेळूच्या नळ्यांच्या फुंकवाद्याचा) आवाज काही ऐकू येत नाही.

सार्वजनिक सुट्ट्या आधी तपासा: 1 जानेवारी, 22 जानेवारी, कार्निव्हलचा सोमवार-मंगळवार, गुड फ्रायडे, 1 मे, 21 जून (आयमारा नववर्ष), 16 जुलै (फक्त ला पाझपुरती), 6 ऑगस्ट, 2 नोव्हेंबर, 25 डिसेंबर.

ला पाझच्या उंचीचा त्रास होईल का?

बहुतेकांना थोडा होतोच. शहराचा मध्य सुमारे 3,640 मीटरवर आहे, विमानतळ 4,000 मीटरच्याही वर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं, म्हणजे अंदाज बांधता येईल. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. पहिल्या दिवशी डोकं दुखणं, रात्री झोप न लागणं, दोन जिने चढल्यावर धाप लागणं, हे सगळं नेहमीचं.

संग्रहालय पहिल्या दिवशी ठेवू नका. पोचल्यावर निदान एक दिवस, जमलं तर दोन, आराम करा आणि मग जा. याचं कारण इथे नुसतं बघायचं नाही, फुंकायचंही आहे. विरळ हवेत सिकू किंवा केना (उभी धरायची बासरी) जोरजोरात फुंकली की दोन मिनिटांत घेरी येते. तिला दमछाक तेवढी कारण नाही. भराभर फुंकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर जातो, म्हणून डोकं हलकं होतं. बसून वाजवा, तीस-चाळीस सेकंद वाजवलं की तेवढंच थांबा.

उंचीसाठी ॲसिटाझोलामाइड ही गोळी देतात. नेहमीचा डोस 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. छातीत घरघर, बसल्या जागी धाप किंवा तोल जाणं यांतलं काहीही झालं तर उशीर न करता खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

आत गेल्यावर कुठून सुरुवात करावी?

वाद्यं साधारण जातीनुसार मांडली आहेत: फुंकायची, तारांची, ठोकायची. पाट्या स्पॅनिशमध्ये आहेत, तेव्हा फोनवर भाषांतराची सोय आधीच उतरवून घ्या.

आमचा सल्ला असा, की तारांच्या खोलीकडे धावत जाऊ नका. चारांगो सगळ्यांना ओढतो, कारण तो दिसायला देखणा आणि हाताला सोपा. पण अँडीजचा मूळ आवाज फुंकवाद्यांचा आहे. युरोपी लोक येण्याआधी इथे तारांचं वाद्य जवळजवळ नव्हतंच. मातीच्या, हाडाच्या, वेळूच्या शिट्ट्या आणि बासऱ्या, आणि ढोल एवढंच. आधी ती दालनं बघा, नंतर तारा.

बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, मग निम्म्या वाद्यांचं कोडं आपोआप सुटतं: यातली बरीचशी वाद्यं एकट्याने वाजवायची नाहीत, आणि बारा महिने वाजवायचीही नाहीत.

सिकूच्या नळ्यांच्या दोन जुड्या वेगवेगळ्या का ठेवल्या आहेत?

कारण त्या दोन माणसांच्या आहेत. सिकू (स्पॅनिशमध्ये साम्पोन्या) म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या, खालून बंद असलेल्या वेळूच्या नळ्या एका रांगेत बांधलेलं वाद्य. एका जुडीला ‘इरा’ म्हणतात, तिला सहा नळ्या. दुसरी ‘आर्का’, तिला सात. इरा पुढे चालणारी, आर्का मागून येणारी.

स्वर दोघींत एकाआड एक वाटलेले असतात. नेहमीच्या मधल्या आकाराच्या सिकूत आर्काकडे रे, फा तीव्र, ला, दो, मी, सोल, सी हे सात, आणि इराकडे मी, सोल, सी, रे, फा तीव्र, ला हे सहा. (हे ‘रे’ पाश्चात्त्य पद्धतीचं, पक्क्या उंचीचं आहे. आपल्या सारेगमातला रे समजू नका.) सरळ सप्तक चढायचं म्हटलं तरी रे आर्काने वाजवायचा, मी इराने, फा पुन्हा आर्काने. एकट्याला धूनच वाजवता येत नाही, आलटून पालटून दोघांनी मिळून एक ओळ पुरी करायची. एक फुंकतो तेव्हा दुसरा श्वास घेतो, त्यामुळे चार हजार मीटरवर तासन् तास नाचत वाजवणं जमतं. हे आमचं बसल्या खुर्चीतलं गणित नव्हे, सिकू वाजवणारेच हे सांगतात.

संग्रहालयात कोणी सोबत असेल तर दोन जुड्या दोघांनी घेऊन पाच स्वर चढून बघा. पहिल्या खेपेला हमखास अडखळायला होतं, कारण दोघंही आपला स्वर वाजवून थांबतात आणि दुसऱ्याची वाट बघतात. खरं तर समोरचा फुंकत असतानाच आपले ओठ पुढच्या नळीवर यायला हवेत.

आज दुकानात दोन्ही जुड्या एकत्र बांधलेली तेरा नळ्यांची साम्पोन्या मिळते, एकाच माणसाने वाजवायची. मंचावरच्या वादकांसाठी ती सोयीची आहे. गावात तिला फारसा मान नाही.

आकार इतके वेगवेगळे का? ती माणसाच्या छातीपर्यंत येणारी कशी वाजवतात?

सिकूंचा एक संच म्हणजे ‘त्रोपा’. सर्वांत लहान चुली, मग माल्ता, सांका आणि सर्वांत मोठी तोयो. प्रत्येक आकार आधीच्यापेक्षा एक सप्तक खाली. बंद नळीची लांबी साधारण तिच्या आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी असते, म्हणून सप्तक खाली गेलं की नळी दुप्पट होते. 440 कंपनांच्या ‘ला’साठी नळी साधारण 19 सेंटीमीटर लागते. तोच ‘ला’ दोन सप्तकं खाली हवा असेल तर पाऊण मीटर. तोयोची सर्वांत लांब नळी मीटरच्या पुढे जाते. ती तिरपी धरतात, ओठ सैल सोडतात आणि प्रत्येक स्वर ‘थू’ असा छोट्या झटक्याने काढतात. लांब फुंकर मारली तर नुसती हवा जाते, स्वर उमटत नाही.

जवळून बघितलंत तर काही सिकूंना मागे आणखी एक रांग दिसेल, खालून उघडी. ती फुंकायची नसते. समोरची नळी वाजली की सांडलेल्या हवेने ती हलकी घुमते.

नळीचा सूर थोडा खाली असेल तर कारागीर वरून घासून तिची लांबी कमी करतात. जास्त घासली गेली आणि सूर वर गेला तर काय? मग नळी बदलतात. उलट, सूर थोडाच चढवायचा असेल आणि कापायचं नसेल तर नळीत धान्याचे दोन-चार दाणे टाकतात. आतली पोकळी तेवढीच आखूड होते. वाद्य उलटं केलंत आणि मक्याचा दाणा बाहेर पडला तर तो कचरा समजून फेकू नका.

आचाकाचीजवळचं वालाता ग्रांदे हे गाव या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मापाच्या पट्ट्यांवरून नळ्या कापतात. पातळ सालीच्या वेळूला सोंगो म्हणतात, तो सिकूला. जाड, कडक वेळू चुकी, तो केनाला आणि मोठ्या नळ्यांना.

तार्का फुटल्यासारखी घोगरी का वाजते? वाद्य खराब आहे का?

नाही, ती तशीच वाजायला हवी. तार्का म्हणजे लाकडाची, चौकोनी किंवा षट्कोनी अंगाची, सहा भोकांची शिट्टीसारख्या तोंडाची बासरी. हळू फुंकली तर साधा, गुळगुळीत स्वर येतो, आणि नवखा माणूस तिथेच खूश होतो. जोर वाढवला की स्वर दुभंगतो: खालचा आणि वरचा दोन्ही एकदम वाजतात आणि मध्ये एक थरथर येते. तो जाड, किरकिरा आवाजच हवा असतो. तिथल्या कानाला गुळगुळीत तार्का म्हणजे हात आखडून वाजवलेली तार्का.

गटात ती आणखी दाट होते. तार्का वेगवेगळ्या मापांच्या असतात आणि एकाच मापाच्या दहा तार्काही सुरात तंतोतंत एक नसतात. त्या छोट्या फरकांमधून जी लहर उठते ती चूक नव्हे. गाण्याच्या मैफलीत तानपुरा लावताना आपण जी जव्हारी शोधतो, तिच्यामागे कानाची भूक बहुधा हीच असावी, वाद्य कितीही वेगळं असलं तरी.

पावसाळ्याची आणि कोरड्या दिवसांची वाद्यं वेगळी असतात हे खरं का?

आयमारा आणि केचुआ या अँडीजमधल्या मूळ रहिवाशांच्या गावांत खरं. ला पाझच्या पठारावर नोव्हेंबर ते मार्च पाऊस, मे ते ऑगस्ट थंडी आणि कोरड. तार्का, पिंकियू, मोसेन्यो या बासऱ्या ओल्या दिवसांच्या. 2 नोव्हेंबरच्या पितरांच्या दिवसापासून त्या बाहेर पडतात आणि कार्निव्हल संपला की गुंडाळल्या जातात. सिकू आणि केना कोरड्या दिवसांची. समजूत अशी की तार्काचा आवाज पाऊस ओढतो, आणि केनाचा थंडी व दहिवर. पीक उभं असताना कोणी अवेळी केना वाजवली तर म्हातारी माणसं रागावतात.

बोलिव्हियाच्या उत्तर पोतोसी भागात चारांगोबद्दल आणखी एक समजूत आहे. नवा चारांगो रात्री झऱ्याजवळ ठेवून यायचा. तिथे राहणारी ‘सिरेना’ (जलपरी) तो सुरात लावून देते आणि मग त्याच्या आवाजाला मुली भुलतात.

शहरात हा नियम पाळला जात नाही. संग्रहालयात तर सगळी वाद्यं एकाच भिंतीवर शेजारी टांगलेली असतात. बघताना ती मनातल्या मनात दोन ढिगांत वाटा.

मोसेन्योला मुख्य नळीवर आणखी एक बारीक नळी का बांधली आहे?

मुख्य नळी लांब आहे. तिच्या टोकाशी तोंड नेलं तर बोटं भोकांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून बारीक नळीतून हवा टोकापर्यंत नेतात, आणि वाद्य आडवं धरून वाजवतात. मोओसा गावावरून हे नाव पडलं.

चारांगोत नेमकं काय असतं? दहा तारा कशा लावतात?

पाच जोड्या, दहा तारा. नेहमीची जुळणी सोल, दो, मी, ला, मी. चार जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या. मधल्या जोडीतला एक मी दुसऱ्याच्या सप्तकभर खाली. गिटारवाल्यांची पहिली चूक इथे होते: ते वरून खाली सूर उतरत जातील असं धरून चालतात. चारांगोत सर्वांत खालचा सूर मधल्या जोडीत दडलेला असतो. तारेची बोलती (कंप पावणारी) लांबी साधारण 37 सेंटीमीटर. शहरात नायलॉनच्या तारा, खेड्यात पुष्कळ ठिकाणी पोलादी.

लहान भाऊ वालायचो, मोठा रोन्रोको. एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून पोट कोरून काढलेला चारांगो आज सर्वाधिक दिसतो.

तो केसाळ चारांगो खरंच प्राण्याचा आहे?

हो. जुने चारांगो किर्किंचोच्या, म्हणजे आर्मडिलोच्या, कवचावर बांधत. ओलं कवच साच्यावर ताणून वाळवायचं, वर लाकडी तबकडी आणि दांडी बसवायची. संग्रहालयातल्या काही नमुन्यांवर पाठीचे पट्टे आणि राठ, पिवळट केस अजून तसेच दिसतात, कडेला कानही. आवाज कोरलेल्या लाकडाइतका भरीव नसतो. कवच वाकडं होतं, कीड लागते, आणि ओल धरली की मऊ पडतं. म्हणजे ‘खरा चारांगो कवचाचाच’ हे विक्रेत्याचं बोलणं. वादक लाकडीच वापरतात.

हा प्राणी वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने, साइट्सने, संरक्षित आहे आणि अँडीजमधल्या केसाळ आर्मडिलोच्या निर्यातीचा वार्षिक कोटा शून्य ठेवलेला आहे. बाजारात कोणी जुना म्हणून दाखवला तरी घेऊ नका. विमानतळावर वाद्य जाईल, आणि चौकशी मागे लागेल ती वेगळीच.

ताऱ्याच्या आकाराचं, दोन तोंडांचं ते काय आहे?

काव्हूरांच्या कल्पना. दोन्ही बाजूंना तारा असलेलं, फिरवून वाजवायचं ‘मुयू मुयू’, ताऱ्याच्या आकाराचा चारांगो, आणि असंच बरंच काही. मुयू म्हणजे गोल, फिरणं. यातलं काही वाजवण्यासाठी आहे, काही निव्वळ गंमत म्हणून. परंपरेच्या नावाखाली ते धरू नका, पण तिथून घाईने पुढेही जाऊ नका.

वाद्यांना हात लावता येतो का?

काहींना. वाजवून बघायला ठेवलेली वाद्यं वेगळी असतात. स्पॅनिशमध्ये ‘तोकार’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ: हात लावणं आणि वाद्य वाजवणं. ‘नो तोकार’ अशी पाटी असेल तर दोन्ही नको. शंका आली तर ‘से प्वेदे तोकार?’ (वाजवू का?) एवढं विचारलं की पुरे.

फुंकवाद्य तोंडाला लावण्याआधी कडा पुसायला स्वतःचा रुमाल न्या. लिपस्टिक, लिप बाम पुसून टाका. वेळूत मुरलेलं तेल निघत नाही. ढोल ठोकताना कातड्याच्या मधोमध, बेताने. कोरड्या हवेत जुनं कातडं ताणलेलं असतं, कडेला जोर लागला तर फाटतं. वांकारा या ढोलाच्या मागच्या कातड्यावरून एक दोरी ताणलेली दिसेल. ती ओढू नका, तिच्यामुळेच ढोल झरझरतो.

मी बासरी वाजवतो. केना जमेल का?

बोटं जमतील, ओठ पहिल्या दिवशी जमणार नाहीत. केना आडवी नसते, उभी धरतात. वरचं टोक उघडं असतं आणि त्याच्या कडेला एक खाच. वर सहा भोकं, मागे अंगठ्याला एक. नेहमीची केना ‘सोल’ची, लांबी 36 ते 40 सेंटीमीटर.

उघडं टोक खालच्या ओठाखाली, हनुवटीला टेकवा. खालच्या ओठाने उघड्या टोकाचा मागचा बहुतेक भाग झाका. खाच बरोबर मध्ये, तुमच्यापासून दूर असावी. ओठ किंचित हसल्यासारखे ताणून पातळ फुंकर खाचेच्या धारेवर सोडा. सुरुवातीला फक्त वरची दोन बोटं आणि अंगठा ठेवा, बाकी भोकं उघडी. स्वर धरला की एकेक बोट खाली वाढवा. सगळी एकदम झाकून सुरुवात केलीत तर तासभर नुसती फुसफुस ऐकाल.

बासरीवाल्यांची सवय म्हणजे वाद्य नकळत तिरपं होणं. त्याने खाच मध्यावरून सरकते आणि स्वर नाहीसा होतो. आरशासमोर उभं राहिलात तर लगेच दिसतं. ज्यांना मनापासून शिकायचं आहे त्यांनी दारातच शिकवणीचं विचारावं. संग्रहालयात चारांगो आणि फुंकवाद्यांचे धडे ठरवून मिळत आले आहेत.

लहान मुलं, वयस्क माणसं?

मुलांना हे संग्रहालय फार आवडतं. वयस्कांना गल्लीचा चढ आणि जुन्या घरातले जिने त्रासाचे; व्हीलचेअरला दगडी फरशी कठीण.

वाद्य विकत कुठे घ्यावं आणि कसं पारखावं?

काये सागार्नागा आणि काये लिनारेस या दोन रस्त्यांवर वाद्यांची दुकानं आहेत. लोकरी टोप्यांच्या दुकानात टांगलेलं वाद्य शोभेचं. ज्या दुकानात मागे कोणीतरी घासत-तासत बसलेलं असतं, तिथे घ्या.

चारांगो: मोकळी तार छेडा, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडा; बरोबर सप्तक वर यायला हवं. पाचही जोड्यांवर करा. कमी-जास्त असेल तर पडदे किंवा घोडी चुकीच्या जागी आहे, ती नंतर दुरुस्त होत नाही. मान वाकडी नाही ना, हे दांडीवरून एक डोळा मिटून बघा.

केना: सोल आणि त्याचा वरचा सोल ट्यूनरवर तपासा. खाचेची धार अंगठ्याने चाचपा, ठिसूळ झालेली नको.

सिकू: प्रत्येक नळी फुंका. एक जरी नळी भसभसली तर तळाच्या पेरात भेग आहे.

भारतात आणताना काय अडचण येते?

वेळू आणि लाकडाची वाद्यं केबिन बॅगेत आणा. चारांगोच्या तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवा. चाक्चास, म्हणजे बकरी किंवा लामाच्या खुरांचा खुळखुळा, आणि लोकर न काढलेल्या कातड्याचे ढोल इथे येताना अडू शकतात. प्राणिजन्य वस्तूंना आयात परवाना लागतो. पिसांची वाद्यं तर घेऊच नका.

ला पाझला हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथे तो कायदेशीर आहे. त्याच्या पिशव्या बॅगेत घालून आणू नका. भारताच्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान येतं.

पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र विसरू नका. बोलिव्हिया भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. लस प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायची. ला पाझच्या उंचीवर हा ताप पसरत नाही, पण परतताना भारतात देश बघतात, उंची नाही. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. व्हिसाचं निघण्याआधी दूतावासाकडून पक्कं करा.

घरी आणल्यावर केना सुरात लागत नाही. फसवलं का?

बहुधा नाही. ला पाझला खोलीत 12 अंश, मुंबईत 32. हवेतला आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदाला 0.6 मीटर वाढतो, म्हणजे वीस अंशांत साडेतीन टक्के. सूर तेवढाच चढतो: अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा जास्त, एखाद्या श्रुतीइतका म्हणा. तुमच्या श्वासाने नळी तापते म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो. उंचीचा यात संबंध नाही, सगळा खेळ तापमानाचा. फुंकर थोडी मऊ करा आणि टोक ओठाने जास्त झाका, सूर उतरतो.

पावसाळ्यात वेळूला बुरशी धरते. वाजवून झालं की सुती चिंधीने आतून पुसा, पिशवीत बंद करण्याआधी अर्धा तास वाऱ्यावर ठेवा. उन्हात नको, चिरतो. चारांगोची तबकडी दमट हवेत फुगते आणि तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

ही वाद्यं खऱ्या वापरात कुठे ऐकायला मिळतील?

संग्रहालयाच्याच छोट्या नाट्यगृहात शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम होत आले आहेत. दारावरची पाटी बघा. पण ते मंचावरचं वादन. तार्का मोकळ्यावर ऐकायची तर कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी ओरुरो शहराला जा, तिथे अनाता आंदिना हा उत्सव असतो. खेड्यापाड्यांतून गट येतात आणि सकाळपासून तार्का घुमतात. ला पाझहून बसने तीन-चार तास लागतात. राहण्याची जागा दोन-तीन महिने आधी धरा, कार्निव्हलच्या आठवड्यात ओरुरोत खोली मिळत नाही. सिकू ऐकायचे असतील तर मे ते ऑगस्टमध्ये या. छत्री घेऊन फेब्रुवारीत आलात आणि सिकू कुठे दिसेनात, तर त्याचं कारण वर आलंच आहे.